चिवावा पाळणाऱ्यांनो, इकडे या (ठाणे-नवी मुंबई)

तळ्याकाठची

'फ्लॅटमध्ये कुठला कुत्रा ठेवावा' हा प्रश्न इथे सारखा वर येतो आणि दर वेळी कुणीतरी ठोकून देतं, चिवावा घ्या, जागा लागत नाही, खर्च नाही, फिरवायची कटकट नाही. जागा लागत नाही एवढं खरं. बाकीच्याबद्दल बोलायला हा धागा.

आमच्याकडे ठमी आहे. घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे राहतो, टू बीएचके, घरात मी, अहो, शाळकरी लेक आणि सासूबाई. ठमी अहोंच्या ऑफिसातल्या एका बाईंची. त्या कायमच्या परदेशी निघाल्या आणि ही आमच्याकडे आली, म्हणजे पिल्लूपण आम्ही पाहिलंच नाही. आखूड केसांची, फिकट तांबूस, वजन सव्वादोन किलो. कान मात्र पूर्ण वाढीच्या कुत्र्याचे.

पहिली गोष्ट म्हणजे ही सतत कशाच्या तरी आत असते. गोधडीत, उशीच्या अभ्र्यात, वाळत घालायच्या कपड्यांच्या ढिगात, सासूबाईंच्या पदराखाली. चिवावांना असं घुसून झोपायची खोडच असते म्हणे. त्यामुळे आमच्या घरात दिवाणावर बसण्याआधी हाताने चाचपून बघायचं असा नियम आहे. पाहुण्यांना दारातच सांगतो. एक आतेभाऊ ऐकून न घेता धप्पकन बसायला गेला आणि गोधडीतून जो आवाज आला, त्यानंतर तो आमच्याकडे उभ्यानेच चहा पितो.

दुसरी गोष्ट ऊन. सकाळी गॅलरीतून हॉलमध्ये उन्हाचा पट्टा येतो तो सरकत सरकत टीव्हीपर्यंत जातो आणि ठमी त्याच्याबरोबर सरकते. एसी लावला की कुडकुडते. आनंद झाला तरी कुडकुडते, राग आला तरी कुडकुडते, त्यामुळे स्वेटर घालायचा की जेवायला द्यायचं हे कळायला वेळ लागतो.

तिसरी गोष्ट जेवण. डॉक्टरांनी हिशोब करून दिला. एवढ्या वजनाच्या कुत्र्याला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी म्हणजे शंभराच्या पुढे. सासूबाई म्हणायच्या, अगं अर्धीच तर दिली. अर्धी पोळी म्हणजे तिचं पाव दिवसाचं जेवण! आता वजनकाटा आणलाय, भाजीवाल्याकडे असतो तसला, आणि रविवारी ठमीला टोपलीत बसवून वजन होतं. दोनशे ग्रॅम वाढले की घरात बैठक बसते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी लिहायला बसले. चावण्याचा. लॅब्रेडॉरने गुरगुर केली तर माणूस दोन पावलं मागे सरतो. ठमीने गुरगुर केली की लोक हसतात, 'ओ हो हो, राग आला का बाळाला' म्हणत मोबाईल काढतात आणि वरून हात घालतात. बरं, गुरगुर ही कुत्र्याची सभ्य भाषा आहे, 'लांब राहा' असं सांगायची. ती कुणी ऐकतच नसेल तर ते जनावर ती बोलायचं सोडून देतं आणि थेट दात लावतं. मग सगळे म्हणतात, ही जातच चिडकी. ठमी आमच्याकडे आली तेव्हा अशीच होती, न गुरगुरता चावणारी. आम्ही फक्त एवढंच केलं की तिने नाक जरा आकसलं, अंग आखडलं, की हात मागे. कुणीही असो, लिफ्टमधला पाहुणा असो की माझी लेक. हळूहळू तिची गुरगुर परत आली. लोकांना विचित्र वाटेल, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

तुमचे अनुभव लिहा. पावसाळा, सोसायटी, डॉक्टर, काहीही चालेल. फक्त 'कुत्रा की उंदीर' हा विनोद नको, तो रोज लिफ्टमध्ये ऐकते.

नेरुळचा_नाना

विनोद करणार नव्हतोच, पण तुम्ही आधीच बंदी घालून मजा घालवलीत.

आमच्या विंगमध्ये एक आहे. मालक सकाळी कामाला जातात, तो दिवसभर गॅलरीच्या जाळीतून भुंकतो. कुरियरवाला, घंटागाडी, समोरच्या कठड्यावरचं कबूतर, कुणीही चालतं. आवाज बारीक असल्यामुळे जास्त टोचतो, भारदस्त भुंकला असता तर दुपारची डुलकी तरी लागली असती. मी म्हणतो, एवढी हौस तर बोका पाळा. तो आपला आपण राहतो.

सातवा_मजला

नाना, तो भुंकतो कारण दिवसभर एकटा आहे. गॅलरीचं दार बंद ठेवून जायला सांगा मालकांना, आणि सकाळी नीट फिरवून आणायला. लहान आहे म्हणून फिरवायला नको असं लोक धरून चालतात, मग त्याने दिवस काढायचा कसा? दिसेल त्याच्यावर ओरडणं हा त्याचा उद्योग होतो.

मी वाशीला. आमचा ढब्बू लांब केसांचा. मला लिहायचंय पावसाळ्याबद्दल, कारण जून ते सप्टेंबर आमच्या घरात दुसरा विषय नसतो. हा पावसात पाय टाकत नाही. रेनकोट घातला तर पुतळ्यासारखा उभा राहतो, एक पाय वर धरून. छत्री धरली तरी जमीन ओली आहे ही त्याची तक्रार असतेच. आणि मूत्राशय एवढंसं, किती वेळ धरून ठेवणार! शेवटी गॅलरीत ट्रे केला. माळ्यांकडे मिळतो तो हिरवळीचा तुकडा, खाली वर्तमानपत्रं. आठवडाभर त्याने त्याच्या शेजारी केलं, मग ट्रेमध्ये. त्यासाठी एक युक्ती सांगते. त्याचाच ओला कागद हिरवळीखाली सरकवून ठेवायचा, वास लागला की जागा कळते. आणि फिनेलने पुसलं की झालं असं समजू नका, माणसाला वास येत नाही पण त्याला येतो.

दुसरं म्हणजे तुंबलेलं पाणी. आमच्या सेक्टरमध्ये गटाराकडेला घुशी मांजराएवढ्या आहेत. उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा रोग) पसरतो आणि यांचं पोट जमिनीपासून चार बोटांवर, म्हणजे मोठ्या कुत्र्याचे पाय भिजतात तिथे याची आंघोळ होते. लेप्टोची लस दरवर्षी पावसाच्या आधी. घरी आलं की पाय आणि पोट धुऊन कोरडं करायचं, बोटांमधली जागासुद्धा.

पशुवैद्य_पक्का

धागा चांगला आहे. ठाण्यात प्रॅक्टिस करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

गुरगुरण्याबद्दल तळ्याकाठची यांनी लिहिलंय ते लाखमोलाचं. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा जातवार आक्रमकतेचा अभ्यास आला होता, मालकांना प्रश्नावली देऊन केलेला. त्यात वरच्या ओळीत डॅशहुंड, चिवावा आणि जॅक रसेल होते, पिटबुल नव्हे. पण चिवावा चावला तर सहसा टाके पडत नाहीत, म्हणून बातमी होत नाही आणि म्हणूनच मालकही काही करत नाहीत. एक मात्र लक्षात ठेवा, ओरखडा लहान असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. रेबीज जात आणि आकार बघत नाही. कुत्र्याची लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग दरवर्षी. रेबीजच्या लशीचा डोस दोन किलोच्या कुत्र्याला आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला सारखाच असतो. मालक विचारतात, अर्धीच द्या ना. नाही.

याच्या उलट गोचिडांच्या गोळ्या. त्या वजनावर असतात. शेजारच्या जर्मन शेफर्डची गोळी चार तुकडे करून यांना देणारे महाभाग दर उन्हाळ्यात येतात. देऊ नका. घरातलं पॅरासिटामॉल, ब्रुफेनही नको. आणि आपल्या स्वयंपाकघरातलं सांगायचं तर कांदा-लसूण आणि बेदाणे. शिऱ्यातले बेदाणे वेचून काढून शिरा दिला तरी चालणार नाही, कारण त्यांचा हिशोब आपल्याला लागत नाही. द्राक्ष-बेदाण्याने किडनी जाऊ शकते आणि दोन किलोच्या जिवाला फार लागत नाही.

आता या जातीचं म्हणून जे असतं ते. बऱ्याच चिवावांची टाळू भरलेली नसते, डोक्यावर बोट फिरवलं की मऊ खळगा लागतो. लहान असेल तर घाबरायचं कारण नाही, मात्र टपली मारणं, डोक्यावर काही पडणं हे या कुत्र्यांना महागात जातं. पिल्लू सुस्त असेल, डोळे खाली-बाहेर वळलेले, डोकं फुगीर, तर तपासून घ्या.

गुडघ्याची वाटी सरकते. पळता पळता मागचा एक पाय उचलतो, दोन उड्या तीन पायांवर मारतो आणि मग जणू काही झालंच नाही. मालक व्हिडिओ दाखवतात, बघा कसा नाचतो. तो नाचत नसतो. आपल्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स या गुडघ्यांच्या वैरी आहेत. सतरंज्या टाका, जुनी योगा मॅट टाका, नखं कापा. वजन आटोक्यात असेल तर सौम्य प्रकारांत ऑपरेशन लागत नाही.

पुढच्या पायाचं फ्रॅक्चर मी सोफ्यावरून उडी मारलेल्यांत आणि लहान मुलांच्या हातून पडलेल्यांत बघतो. मनगटाजवळचं हाड काडीसारखं, तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळायला वेळ घेतं. सोफ्याला पायरी करा.

दात. कुत्र्याला बेचाळीस दात, जबडा एवढासा, सगळी दाटीवाटी. दुधाचे सुळे सहा-सात महिन्यांनंतरही राहिले असतील तर काढावे लागतात. रोज ब्रश केला तर उत्तम, रोज होणार नाही हे मलाही माहीत आहे, पण एक दिवसाआड तरी करा. तोंडाचा वास येणं हे 'कुत्र्याचं असतंच' नव्हे.

गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घाला. श्वासनळी नाजूक असते, ओढलं की हाँक-हाँक असा खोकला लागतो. डासांची कॉइल, धूप, उदबत्तीचा धूर यांनी तो वाढतो. गणपतीत माझ्याकडे हे रुग्ण येतातच.

कोपरीकर

डॉक्टर, तुमच्या खोकल्याच्या परिच्छेदाला जोडून. आमच्या कैरीला रात्री एकदम घोरल्यासारखा आवाज यायला लागला. मान पुढे ताणलेली, कोपरं बाहेर, नाकाने आत हवा ओढतेय, हुर्र हुर्र हुर्र. बायको रडायला लागली, मी गाडीची किल्ली शोधतोय, आई देवापुढे. किल्ली सापडेपर्यंत कैरी ठणठणीत आणि आमच्याकडे बघून शेपूट हलवतेय. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, ही उलटी शिंक. लहान कुत्र्यांत खूप दिसते, बहुतेक वेळा आपोआप थांबते. गळ्यावरून हळूच हात फिरवायचा, आपण शांत राहायचं. हे आधी माहीत असतं तर शेजारी जागे झाले नसते.

पशुवैद्य_पक्का

बरोबर. सारखं व्हायला लागलं, किंवा जीभ-हिरड्या निळसर दिसल्या तर मात्र लगेच आणा. आणि शक्य तर मोबाईलवर चित्रीकरण करून आणा. माझ्या टेबलावर कुठलाच कुत्रा शिंकत नाही.

आंबटगोड

वाचतेय सगळं आणि घाबरतेय पण!! मला घ्यायचाच आहे. ऐरोलीला राहतो आम्ही, भाड्याचं घर आहे पण मालकांची हरकत नाही. इन्स्टावर एक जण 'टीकप चिवावा, इंपोर्टेड लाइन' असं देतोय, पिल्लू पाच आठवड्यांचं आहे, तळहातावर मावतं. म्हणतो मोठं झालं तरी किलोच्या वर जाणार नाही. ऍडव्हान्स मागतोय, नाहीतर दुसऱ्याला देईन म्हणतो. काय करू?

झणझणीत

पळ.

तळ्याकाठची

आंबटगोड, ऍडव्हान्स देऊ नकोस. टीकप असा काही प्रकार नाही, तो विकणाऱ्यांचा शब्द आहे. चिवावाच्या अधिकृत वर्णनात आखूड केसांचा आणि लांब केसांचा एवढे दोनच भेद आहेत आणि वजन तीन किलोच्या आत असावं असं. किलोभराचं राहणारं पिल्लू म्हणजे एक तर अशक्त, नाहीतर अजून वाढायचं असलेलं. पाच आठवड्यांचं आहे म्हणून तळहातावर मावतंय.

आणि २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. विकणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी विचार, फोन कट होईल.

पशुवैद्य_पक्का

'इंपोर्टेड लाइन'बद्दल. व्यापारी प्रजननासाठी परदेशातून कुत्रे आणायला केंद्राने २०१६ पासून बंदी घातली आहे. तेव्हा कागद बघितल्याशिवाय विश्वास नको.

पाच आठवड्यांचं चिवावा पिल्लू आईपासून तोडलं की सगळ्यात मोठा धोका साखर उतरण्याचा. यकृतात साठा नसतो, अंगात चरबी नसते. दोन वेळचं खाणं चुकलं, थंडी वाजली, जुलाब झाले की पिल्लू झिंगल्यासारखं चालतं, मान टाकतं, झटके येतात. घरात मध ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात ओतू नका, बोटाने हिरड्यांना चोळा आणि तसंच उचलून दवाखान्यात. तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं खायला द्यावं लागतं. तुम्ही दोघं नोकरी करत असाल तर दुपारचं कोण देणार?

पिल्लाची आई बघायला मागा. या जातीत पिल्लांची डोकी मोठी आणि आईची कंबर अरुंद, म्हणून सिझेरियन पुष्कळ होतात. आई दाखवत नाही तो माणूस काहीतरी लपवतोय.

इतिहासाचा_कीडा

अवांतर, पण राहवत नाही. हे चिवावा मेक्सिकोतलं राज्य, तिथल्या लोकांनी अमेरिकन प्रवाशांना ही कुत्री विकली म्हणून नाव चिकटलं. अमेरिकन केनेल क्लबने १९०८ मध्ये मान्यता दिली. मेक्सिकोतल्या प्राचीन टोल्टेक लोकांच्या टेचिची नावाच्या कुत्र्यापासून ही जात आली अशी दंतकथा आहे आणि बरीच वर्षं तिला दंतकथाच समजत होते. मग २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी डीएनए तपासला तर आजच्या चिवावांमधला एक प्रकार मेक्सिकोत सापडलेल्या, कोलंबसच्याही आधीच्या कुत्र्यांच्या अवशेषांशी जुळला. म्हणजे युरोपीय कुत्र्यांची भेसळ होऊनही जुनं रक्त शिल्लक आहे.

जाता जाता, २०२३ मध्ये गिनीजने जगातली सर्वांत बुटकी जिवंत कुत्री म्हणून नोंद केली ती पर्ल नावाची चिवावा, उंची ९.१४ सेंटिमीटर. आंबटगोड यांच्या विक्रेत्याला हे सांगू नका, उद्या 'पर्ल लाइन' म्हणून विकेल.

चिवडा_पोहे

मी सोसायटीचा सेक्रेटरी, ठाणे पश्चिम. दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो म्हणून लिहितो.

आमच्याकडे सभेत ठराव आला की कुत्र्यांना लिफ्ट बंद. मला तो मांडूच द्यायचा नव्हता. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठरवलं तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी जादा पैसे घेता येत नाहीत. भुंकतो म्हणून कुत्रा काढा असं म्हणता येत नाही. पण त्याच सूचनांत मालकांनाही सांगितलंय की बाहेर नेताना दोरी हवी, घाण उचला, शेजाऱ्यांना सारखा त्रास होणार नाही ते बघा. हा दुसरा भाग मालक वाचत नाहीत.

आणि माझ्या नोंदीत सगळ्यात जास्त तक्रारी कुणाच्या? छोट्या कुत्र्यांच्या. कारण त्यांना दोरीच नसते! 'एवढुसा तर आहे' म्हणत मोकळा सोडतात. तो पॅसेजमध्ये एखाद्या आजोबांच्या धोतरामागे लागतो, आजोबा दचकून पडले तर? महापालिकेचा परवानाही मोठ्या कुत्र्यांचाच काढायचा असतो असा गोड गैरसमज आहे. परवाना सगळ्यांना लागतो, लशीचा दाखला जोडून.

झणझणीत

सेक्रेटरीसाहेब, भुंकण्यावर काही करता येत नाही म्हणजे आम्ही कानात बोळे घालून बसायचं का? रात्रपाळी करून आलेल्या माणसाने काय करावं?

चिवडा_पोहे

काढून टाका म्हणता येत नाही, बोलता येतं. आमच्याकडे मालकाला बोलावून दुपारी कुत्रा मागच्या खोलीत ठेवायला सांगितलं, मिटलं. नोटीस पाठवली असती तर अजून चाललं असतं.

रानवाटा

येऊरच्या पायथ्याशी राहतो, म्हणून दोन शब्द. इथे कुत्रा किती किलोचा याला फार अर्थ नाही, बिबट्याला सगळेच चालतात. २०१९ च्या फेब्रुवारीत कोरम मॉलपर्यंत बिबट्या आला होता तो तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल, आम्हाला ती नवलाई नाही. अंधार पडल्यावर आणि उजाडायच्या आधी जंगलाच्या कडेला, उपवन तलावाच्या वरच्या अंगाला फिरवायला नेऊ नका. दोरीला बांधून अंगणात ठेवणं तर नकोच.

घारींबद्दल लोक घाबरवतात, ते मात्र अतीच. आपल्याकडची काळी घार स्वतःच किलोभराची नसते, ती दोन किलोचं कुत्रं उचलून नेत नाही. गच्चीवर नवं पिल्लू असेल तर लक्ष ठेवा, पंजा मारू शकते. पण ज्यांच्या गच्चीवर मटण टाकायची सवय आहे त्यांनी घारींना दोष देऊ नये.

भटक्यांची_मावशी

मला एकच विचारायचंय. रस्त्यावर एवढी देशी पिल्लं असताना मेक्सिकोचा कुत्रा कशाला? आपली कुत्री या हवेला सरावलेली, टाळू भरलेली, गुडघे जागच्या जागी.

तळ्याकाठची

मावशी, पटतं. ठमी नसती तर मीही देशीच आणलं असतं. पण ठमी होती, तिला घर हवं होतं. जन्माला आलेल्या कुत्र्याचं काय करायचं हा वेगळा प्रश्न आणि नवीन काढायला सांगायचं का हा वेगळा.

देशी कुत्र्यांशी तिचं नातं सांगते. आमच्या गेटवर चार आहेत, अंगाने तिच्या सातपट. सुरुवातीला ते दिसले की मी तिला झटकन उचलून घ्यायचे आणि मग ती माझ्या हातावरून अख्ख्या टोळीला शिव्या घालायची. मला वाटायचं केवढी शूर! उचललं की कुत्र्याला वाटतं संकटच असणार, आणि उंचावरून तोंड सोडायला सोपं जातं. आता मी चाल बदलते, मध्ये उभी राहते, तिला खाली वास घेऊ देते. त्यांतली म्हातारी काळी कुत्री तिला चाटते. बाकीचे तीन दुर्लक्ष करतात, हे मला जास्त आवडतं. अनोळखी टोळी असेल तर मात्र सरळ झोळीत घालते, तिथे शौर्य नको.

सातवा_मजला

झोळीला अनुमोदन. वाशीच्या मिनी सीशोअरला, खाडीकाठी, संध्याकाळी गर्दीत लोकांचे पाय त्याच्यावर पडतात, लोक खाली बघून चालतच नाहीत.

दिवाळीत काय करता सगळे? ढब्बू लवंगी फुटली तरी पलंगाखाली.

कोपरीकर

आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. पलंगाखाली जायचं असेल तर जाऊ द्यायचं, ओढून काढायचं नाही. आम्ही तिथे तिची गोधडीच ठेवतो. फिरणं उजेड असताना उरकायचं आणि हार्नेस नीट आवळायचा, घाबरलं की ही कुत्री मागे सरकून पट्ट्यातून निसटतात. फारच त्रास होत असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा, आयत्या वेळी माणसाची झोपेची गोळी देऊ नका. ढोल-ताशाचं पथक आमच्या गल्लीतच सराव करतं, त्याला मात्र कैरी सरावली, आम्ही नाही.

नेरुळचा_नाना

एक विचारू का, टर उडवत नाही. आमच्या विंगमधले मालक गावी निघालेत सावंतवाडीला, कुत्रा माझ्याकडे ठेवता का विचारत होते. मी म्हटलं रेल्वेने न्या. नेता येतो ना?

सातवा_मजला

नाना!!! 😄

नेता येतो, पण फर्स्ट एसीत, आणि दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन अख्खी तुमच्या नावावर हवी. शिवाय पार्सल ऑफिसात त्याची नोंद करून पैसे भरायचे, लशीचा दाखला जवळ ठेवायचा. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत चिवावा मी तरी घालणार नाही. बाकीच्या डब्यांत पिशवीत लपवून नेणारे असतात, टीसीने ऐकलं की उतरवतो, आणि चिवावा गप्प बसेल या भरवशावर तिकीट काढू नये.

तुम्हीच ठेवा की. गोधडी आणि ऊन, एवढंच लागतं.

नेरुळचा_नाना

दुपारी माझ्याच गॅलरीत ऊन येतं, ती पंचाईत आहे. बघतो.

आंबटगोड

सगळ्यांना धन्यवाद! त्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारला, ब्लॉक केलं त्याने मला. 😒 एका ग्रुपवर ठाण्यातलीच पाच वर्षांची चिवावा दत्तक द्यायची आहे असं दिसलं, मालकीणबाईंना आता झेपत नाही. पण माझी मुलगी तीन वर्षांची आहे, चालेल का?

पशुवैद्य_पक्का

खरं सांगायचं तर मी थांबा म्हणेन. तीन वर्षांचं मूल उचलणार, पाडणार, मिठी मारणार, आणि ती चावणार तोंडावर, कारण तोंडच तिच्या उंचीला येतं. यात दोघांचाही दोष नसतो. मुलगी सहा-सात वर्षांची झाली की बघा. तरीही घ्यायचीच असेल तर दोघींना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, कधीच नाही, तुम्ही भाजी परतायला गेलात तेवढा वेळसुद्धा नाही. ते रोज निभावेल का हे ठरवा.

आंबटगोड

हम्म. ते नाही निभावणार बहुतेक. पण निदान एकदा जवळून बघायची इच्छा आहे, मी आतापर्यंत फक्त रीलमध्येच पाहिलाय.

तळ्याकाठची

मग रविवारी ये ना आमच्याकडे, मुलीला घेऊन. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवते. ठमीला हात लावायचा नाही, जमिनीवर बसायचं आणि तिच्याकडे बघायचंही नाही, एवढं लेकीला घरून शिकवून आण. ती आपणहून येऊन मांडीत बसली तर बसली. आणि खाली आलीस की फोन कर, बेल वाजवू नकोस. बेल वाजली की पुढची दहा मिनिटं कुणालाच कुणाचं काही ऐकू येत नाही.